उशाशी ठेवावयाचे श्वसनयंत्र : मांडणी आणि स्थलवाचक शब्द

विषयप्रवेश

झोपेत घशाचे स्नायू शिथिल होतात. ही अवस्था सर्वांच्याच बाबतीत येते. परंतु ज्यांचा श्वसनमार्ग मुळात अरुंद असतो, किंवा ज्यांच्या मानेभोवती मेद अधिक साठलेला असतो, त्यांच्या बाबतीत जीभ व मृदुतालू मागे पडून हवेचा मार्ग काही काळ अंशतः अथवा पूर्णपणे बंद होतो. श्वास थांबण्याचा हा काळ निदान १० सेकंदांचा असल्यास वैद्यकशास्त्र त्यास 'ॲप्निया' असे म्हणते. रक्तातील प्राणवायू कमी होऊ लागला की मेंदू झोपणाऱ्यास क्षणभर जागे करतो, श्वास पुन्हा सुरू होतो, आणि थोड्या वेळाने तोच प्रकार पुन्हा घडतो. तीव्र विकारात ही संख्या ताशी ३० किंवा त्याहून अधिक असते. सकाळी उठल्यावर झोपणाऱ्यास ह्यांतील बहुधा काहीही आठवत नाही. त्यास जाणवते ती दिवसाची ग्लानी. वाढलेला रक्तदाब, कामात चित्त न लागणे आणि वाहन चालविताना डोळा लागणे हे ह्या विकाराचे गंभीर परिणाम होत.

'ॲप्निया' हा शब्द ग्रीक असून 'श्वास घेणे' ह्या अर्थाच्या धातूस नकारार्थक 'अ' लागून तो सिद्ध झाला आहे. हा 'अ' संस्कृतातील नकारार्थक 'अ'चा सगोत्र होय. मराठीत ह्या विकारास 'निद्राश्वसनरोध' किंवा 'झोपेतील श्वासावरोध' असे म्हणता येते. रूढ शब्द मात्र 'घोरणे' हाच आहे, आणि तो केवळ एका लक्षणाचा वाचक आहे. घोरणाऱ्या प्रत्येकास हा विकार असतोच असे नाही. त्यामुळे रूढ शब्दावर विसंबून विकाराकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

१९८१ पर्यंत तीव्र विकारावर खात्रीचा उपाय म्हणजे शस्त्रक्रियेने श्वासनलिकेस छिद्र पाडणे हा होता. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकावाटे किंचित अधिक दाबाची हवा अखंड सोडून श्वसनमार्ग उघडा ठेवता येतो, असे पाच रुग्णांच्या बाबतीत दाखवून दिले. हवेचा स्तंभ आतून आधार देतो आणि मार्ग मिटत नाही, हे त्यामागील तत्त्व होय. 'सीपॅप' ह्या आद्याक्षरी नावाने ओळखले जाणारे यंत्र ह्याच तत्त्वावर चालते. त्याचा दाब सामान्यतः ४ ते २० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. १० सेंटिमीटरांचा दाब म्हणजे वातावरणाच्या दाबाचा सुमारे शंभरावा भाग, हे ध्यानात घेतले असता यंत्र किती सौम्य बलाने काम करते ह्याची कल्पना येईल.

हे यंत्र रोग मुळापासून नाहीसा करीत नाही. ज्या रात्री ते लावावे त्या रात्रीपुरताच त्याचा उपयोग होतो. म्हणून ते नियमाने लावले जाणे ह्यावर सर्व काही अवलंबून आहे, आणि लावण्याची किंवा टाळण्याची सवय पुष्कळदा पहिल्या काही आठवड्यांतच पक्की होते. चेहऱ्यावर पाणी ठिबकले, नळी ओढली जाऊन मुखवटा निसटला, रात्री उठताना पाय अडकला, अशा किरकोळ वाटणाऱ्या कारणांनी यंत्र कपाटात जाऊन पडते. हवेचा दाब तज्ज्ञ ठरवितो. परंतु यंत्र खोलीत कोठे ठेवावे हे घरातील माणसे ठरवितात, आणि त्यांच्या हाती असते ते बहुधा एखादे वाक्य : 'यंत्र पलंगाशेजारी, डोक्याच्या पातळीखाली ठेवावे.' ह्या वाक्यातील प्रत्येक स्थलवाचक शब्दाने नेमके काय सांगितले जाते, आणि काय सांगावयाचे राहून जाते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मांडणीमागील भौतिक कारणे प्रथम स्पष्ट केल्यावाचून शब्दांची पर्याप्तता तपासता येणार नाही. म्हणून दोन्ही विचार बरोबरीनेच केले आहेत.

उंची : 'खाली' ह्या शब्दाचे दोन अर्थ

यंत्राचे मुख्य भाग तीन : हवा ओढून दाबाने सोडणारा पंखा, ती हवा ओलसर करणारे पाण्याचे पात्र, आणि पात्रापासून मुखवट्यापर्यंत जाणारी लवचीक नळी. पात्रातील पाणी तळाच्या तापपट्टीने कोमट होते व त्याची वाफ हवेबरोबर नळीत जाते. खोली थंड असल्यास ही वाफ नळीच्या भिंतींवर निवते आणि तिचे थेंब बनतात. थेंब उताराच्या दिशेने वाहतात. यंत्र मुखवट्याहून उंच असेल तर ते पाणी चेहऱ्याकडे येते. यंत्र सखल असेल तर ते पात्रात परत जाते. यंत्रास धक्का लागून पात्र कलंडले तरी हाच नियम लागू पडतो. यंत्र डोक्याहून सखल ठेवण्याचे कारण एवढेच आहे.

एक उदाहरण घेऊ. पलंगाची चौकट जमिनीपासून ४५ सेंटिमीटर व गादी १२ सेंटिमीटर जाडीची असल्यास गादीचा पृष्ठभाग ५७ सेंटिमीटरांवर येतो. उशीवर डोके ठेवून कुशीस वळलेल्या माणसाचे नाक सुमारे ७० सेंटिमीटरांवर असते. यंत्राची उंची १२ सेंटिमीटर धरली आणि ते ५० सेंटिमीटर उंचीच्या मेजावर ठेवले, तर त्याचा वरचा भाग ६२ सेंटिमीटरांवर राहतो; म्हणजे नाकाहून सखल. उलट पुष्कळ घरांत हाताशी असलेले लिहावयाचे टेबल सुमारे ७५ सेंटिमीटर उंच असते. त्यावर ठेवलेले यंत्र ८७ सेंटिमीटरांपर्यंत पोहोचते आणि नळीचा उतार चेहऱ्याकडे होतो. ह्यावरून व्यवहाराचा सोपा नियम असा निघतो की मेजाचा पृष्ठभाग गादीच्या पृष्ठभागाहून उंच नसावा.

आता भाषेकडे वळू. मराठीत 'खाली' हा शब्द सापेक्ष उंची दर्शवितो; 'डोक्याच्या पातळीखाली' ह्या प्रयोगात तो त्याच अर्थाने आला आहे. परंतु 'खाली ठेवणे' ह्या क्रियाप्रयोगाचा रूढ अर्थ निराळा आहे. 'पिशवी खाली ठेव' असे म्हटल्यावर पिशवी जमिनीवर ठेवली जाते. 'खाली बसणे', 'खाली झोपणे' ह्या प्रयोगांतही 'खाली' म्हणजे जमिनीवर असाच अर्थ निष्पन्न होतो. त्यामुळे 'डोक्याच्या पातळीखाली ठेवावे' ही सूचना तोंडोतोंडी जाताना 'यंत्र खाली ठेवा' इतकी आखूड झाली, की यंत्र सरळ फरशीवर जाते. ऐकणाऱ्याची चूक नसते. आधारपद गळताच शब्द आपल्या निरपेक्ष अर्थाकडे वळतो.

फरशीवर ठेवलेल्या यंत्राने पाण्याचा धोका टळतो, हे खरे. पण इतर अडचणी उद्भवतात. जमिनीलगतची धूळ व केस हवेच्या गाळणीत ओढले जातात. फरशी पुसताना ओला फडका विजेच्या जोडणीपर्यंत पोहोचतो. रात्री उठणाऱ्याचा पाय यंत्रास लागतो. शिवाय वरील उदाहरणात गादीच्या कडेवरून यंत्रापर्यंत उतरण्यातच नळीची सुमारे ४५ सेंटिमीटर लांबी खर्च होते, आणि लोंबणाऱ्या नळीचे वजन मुखवटा एका बाजूस ओढते. मुखवटा किंचित सरकला तरी कडेने हवा सुटून डोळ्यांवर येते व झोपमोड होते. तेव्हा 'पातळीखाली' आणि 'जमिनीवर' ह्यांतील भेद येथे केवळ कोशगत राहत नाही.

'वर' ह्या शब्दाच्या बाबतीत मराठीने असा भेद व्याकरणातच केला आहे. 'खाटेवर' म्हटले असता स्पर्श अभिप्रेत असतो, 'खाटेच्या वर' म्हटले असता बहुधा अंतर अभिप्रेत असते. 'नळी उशीवरून न्यावी' आणि 'नळी उशीच्या वरून न्यावी' ह्या दोन सूचना म्हणून भिन्न ठरतात. पहिल्या सूचनेप्रमाणे नळी उशीला टेकून जाते व डोक्याखाली दबण्याचा संभव राहतो. दुसरीप्रमाणे ती भिंतीवरील आकड्यात अडकवून अधांतरी नेली जाते. ही दुसरी पद्धत कुशी बदलणाऱ्यास सोयीची असते. मात्र नळीचा सर्वांत उंच बिंदू जेथे येतो तेथून पुढचे पाणी मुखवट्याकडेच वाहील, हे विसरून चालणार नाही. अशा वेळी नळीस कापडी खोळ घालणे, तापणारी नळी वापरणे किंवा हवेतील ओलाव्याचे प्रमाण कमी ठेवणे हे उपाय योजतात.

अंतर : 'शेजारी', 'लगत' आणि 'उशाशी'

सामान्य नळी सुमारे १.८ मीटर लांबीची असते. झोपणारा माणूस रात्रभरात अनेकदा कुशी बदलतो. म्हणून नळी ताणलेली असून चालत नाही. एका माणसाचा पलंग ९० सेंटिमीटर रुंद धरला आणि यंत्र त्याच्या कडेपासून ३० सेंटिमीटर दूर ठेवले, तर डोके पलीकडच्या कडेस गेले असता अंतर सुमारे १२० सेंटिमीटर होते व ६० सेंटिमीटर नळी सैल राहते. तेच यंत्र पायथ्याशी ठेवल्यास, पलंगाची लांबी १९० सेंटिमीटर असल्याने, नळी डोक्यापर्यंत पोहोचतच नाही. ३ मीटर लांबीच्या नळ्याही मिळतात. परंतु नळीची लांबी व व्यास बदलला की हवेस होणारा रोध बदलतो, म्हणून तो बदल तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून करू नये.

'पलंगाशेजारी' ह्या शब्दाने ह्यांपैकी काय कळते? 'शेजारी' हा शब्द सान्निध्य सांगतो. पलंगाच्या कोणत्या भागाचे सान्निध्य ते सांगत नाही. उसे, मध्य आणि पायथा ह्या तिन्ही ठिकाणी ठेवलेले यंत्र 'पलंगाशेजारी'च असते. 'लगत' हा शब्द अंतर अधिक कमी करतो, जवळजवळ स्पर्शापर्यंत आणतो, पण भाग तोही सांगत नाही. ही उणीव भरून काढणारा शब्द मराठीत पूर्वापार आहे, तो म्हणजे 'उशाशी'.

हे रूप 'उशी' ह्या स्त्रीलिंगी नामाचे नाही. 'उशी'ची रूपे 'उशीवर', 'उशीखाली' अशी होतात. 'उशाशी', 'उशाला', 'उशाखाली' ही 'उसे' ह्या नपुंसकलिंगी नामाची सामान्यरूपे होत. दोन्ही शब्दांचा संबंध संस्कृत 'उच्छीर्षक' ह्या शब्दाशी जोडला जातो. 'उशी' ही वस्तू आहे. 'उसे' हा अंथरुणाचा डोक्याकडील भाग आहे, आणि त्याचा प्रतियोगी 'पायथा' होय. बाजेस किंवा सतरंजीस शिरोभागी फळी नसते. तिचे उसे कोणते हे झोपणाऱ्याच्या डोक्यावरूनच ठरते. डोके फिरले की उसेही फिरते. श्वसनयंत्रास नेमके हेच हवे असते, कारण त्याचा संबंध पलंगाशी नसून झोपणाऱ्याच्या नाकाशी असतो. 'पलंगाशेजारी' ह्याऐवजी 'उशाशी' हा एकच शब्द योजला तर सूचनेतील अर्धी संदिग्धता दूर होते. उंची मात्र 'उशाशी' ह्या शब्दानेही सांगितली जात नाही. ती स्वतंत्रपणे सांगितलीच पाहिजे.

बाजू : पलंगाची उजवी कोणती?

दोन्ही बाजूंपैकी कोणती निवडावी ह्याचा विचार सामान्यतः होत नाही. पण तो महत्त्वाचा आहे. ह्या विकारात रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागणे हे एक परिचित लक्षण आहे. म्हणून ज्या बाजूने उठावयाचे ती बाजू नळी, तारा व फर्निचर ह्यांपासून मोकळी असली पाहिजे. यंत्र शक्य तर दुसऱ्या बाजूस ठेवावे. खोली लहान असून पलंग एका बाजूने भिंतीस टेकलेला असेल, तर मेज उठण्याच्याच बाजूस येते. अशा वेळी ते उशाच्या रेषेत, किंबहुना किंचित मागे सरकवून ठेवावे, म्हणजे नळी खांद्यामागून जाते व पाय खाली सोडण्याची जागा रिकामी राहते. शेजारी दुसरे कोणी झोपत असेल तर मुखवट्यावरील छिद्रांतून सतत बाहेर पडणारी हवा त्याच्या तोंडावर येणार नाही, हेही पाहावे लागते. ती छिद्रे उच्छ्वासातील वायू बाहेर जाण्यासाठीच असतात. ती पांघरुणाने बुजवू नयेत.

'मेज पलंगाच्या उजव्या बाजूस ठेवा' असे सांगितल्यावर मात्र घोटाळा होतो. स्टीव्हन लेव्हिन्सन ह्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्थलविषयक ग्रंथात स्थाननिर्देशाच्या तीन चौकटी मानल्या आहेत. पहिली वस्तुनिष्ठ : वस्तूचे स्वतःचे तोंड, पाठ व बाजू धरून केलेला निर्देश. दुसरी द्रष्टृसापेक्ष : पाहणाऱ्याच्या डाव्या-उजव्यावरून केलेला निर्देश. तिसरी निरपेक्ष : पूर्व-पश्चिम अशा स्थिर दिशांवरून केलेला निर्देश. ऑस्ट्रेलियातील गुगु यिमिथिर ह्या भाषेत घरातील लहानसहान वस्तूंचे स्थानही दिशांनीच सांगितले जाते, हे उदाहरण ह्या संदर्भात प्रसिद्ध आहे. मराठीत तिन्ही चौकटींचा वापर आढळतो, परंतु कोणत्या वस्तूस कोणती चौकट लावावयाची हे वस्तूगणिक बदलते.

खुर्चीचा उजवा हात म्हणजे खुर्चीत बसणाऱ्याच्या उजव्या हाताकडील. कपाटाचे उजवे दार म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाच्या उजव्या हाताकडील. पलंग ह्या दोहोंच्या मध्ये पडतो. खुर्चीप्रमाणे त्यावर माणूस असतो, आणि कपाटाप्रमाणे माणूस पायथ्याशी उभा राहून त्याकडे पाहतो. उताणे झोपलेल्या माणसाची उजवी बाजू ही पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाची डावी होय. यंत्र मांडणारा बहुधा उभा असतो व वापरणारा झोपलेला असतो. म्हणून एकाच वाक्याचे दोघे दोन अर्थ करतात आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात.

वैद्यकात ही अडचण संकेताने सोडविली आहे. शरीराची डावी-उजवी सदैव रुग्णाचीच धरली जाते. तोच संकेत येथे स्पष्ट शब्दांत आणावा : 'झोपणाऱ्याच्या उजव्या हाताला'. ह्याहूनही निश्चित निर्देश खोलीतील स्थिर खुणांनी होतो. 'खिडकीकडच्या बाजूस', 'दाराच्या विरुद्ध बाजूस' ह्या प्रयोगांत बोलणारा व ऐकणारा कोठे उभे आहेत ह्याचा प्रश्नच उरत नाही. लेखी सर्वसाधारण सूचनेत खिडकी-दार सांगता येत नाही. तेथे झोपणाऱ्याच्या हाताचा निर्देश योग्य. प्रत्यक्ष घरी जाऊन मांडणी करून देणाऱ्याने मात्र खुणेचा निर्देश करावा.

दिशा आणि विजेची जोडणी

महाराष्ट्रात व अन्यत्रही उत्तरेकडे डोके करून झोपू नये असा संकेत पुष्कळ घरांत पाळला जातो. उसे दक्षिणेस किंवा पूर्वेस असते. त्यामुळे पलंगाचे उसे आधी ठरते आणि विजेचा खटका जेथे असेल तेथे असतो. तो पायथ्याकडील भिंतीवर असल्यास घरातील माणसांपुढे दोन मार्ग उरतात : यंत्र खटक्याजवळ नेणे, किंवा वीज यंत्राजवळ आणणे. पहिल्या मार्गाने नळी अपुरी पडते, हे वर दाखविलेच आहे. उसे फिरविण्याचा आग्रह धरल्यास घरातील वडीलधाऱ्यांस ते रुचत नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. यंत्र उशाशीच ठेवावे व वीज तेथवर आणावी. त्यासाठी भिंतीवर स्वतंत्र खटका बसवून घेणे उत्तम. जोडतार वापरावी लागली तर ती तीन खिळ्यांची, भिंतीच्या कडेने नेलेली आणि चालण्याच्या वाटेत न येणारी असावी.

भारतातील घरगुती वीज २३० व्होल्टची असते. यंत्रासोबतचा रूपांतरक ती बहुधा १२ किंवा २४ व्होल्टपर्यंत उतरवितो. हा रूपांतरक यंत्राच्या खाली किंवा पात्राच्या बरोबर खालच्या फळीवर ठेवू नये, कारण सांडलेले पाणी त्यावरच पडते. वीजकपात होणाऱ्या गावी संचायक घटावर चालणारा इन्व्हर्टर उपयोगी पडतो. त्या वेळी पाण्याची तापपट्टी व तापणारी नळी बंद ठेवल्यास विजेचा खर्च पुष्कळ घटतो आणि घट अधिक काळ पुरतो. यंत्र बंद पडल्यावर मुखवटा चेहऱ्यावर तसाच ठेवून झोपू नये. नाक व तोंड दोन्ही झाकणाऱ्या मुखवट्यास बाहेरची हवा आत घेणारी झडप असते; तरीही उच्छ्वासाची हवा बाहेर वाहून नेणारा प्रवाह तेव्हा थांबलेला असतो.

मेजावरील व मेजाभोवतालच्या वस्तू

यंत्राचे हवा ओढण्याचे तोंड बहुधा मागे किंवा बाजूस असते. ते भिंतीस, पडद्यास किंवा लोंबणाऱ्या चादरीस टेकू नये; निदान वीतभर जागा मोकळी सोडावी. यंत्र मेजाच्या बंद खणात ठेवल्यास हवा कोंडते व यंत्र तापते. गाळणी धूळ अडविते, परंतु धूर व वास अडवू शकत नाही. डास घालविण्यासाठी जाळलेली वर्तुळाकार उदबत्ती, देवापुढची उदबत्ती किंवा धूप यंत्राजवळ असल्यास तो धूर सरळ श्वसनमार्गात जातो. हीच गोष्ट अंगास लावावयाच्या पावडरीची.

उशाशी पाण्याचा तांब्या-भांडे ठेवण्याची रीत जुनी आहे. ती मोडण्याचे कारण नाही. पण यंत्र असलेल्या मेजावर तांब्या नसावा. तो दुसऱ्या बाजूस एखाद्या तिपाईवर ठेवावा. चष्मा, दिवा आणि औषध ह्या वस्तू अंधारात चाचपून घ्यावयाच्या असतात; त्या यंत्राच्या पलीकडे ठेवल्यास हात नळीवरून न्यावा लागतो. म्हणून त्या झोपणाऱ्याच्या बाजूस व यंत्र मेजाच्या दूरच्या अंगास असे ठेवणे इष्ट. मुखवटा काढल्यावर तो टांगण्यासाठी हाताच्या टप्प्यात एक आकडा असावा. मुखवटा गादीवर टाकला तर तो पांघरुणात हरवतो, आणि झोपेच्या तारेत तो शोधण्याऐवजी माणूस त्यावाचून झोपी जातो.

पात्रात ऊर्ध्वपातित पाणी घालावे. साध्या पाण्यातील क्षार तापपट्टीकडील भागावर साचतात. पात्र रोज रिकामे करून कोरडे करावे लागत असल्याने ते काढण्याघालण्यास जागा हवी. यंत्र सरकविण्यापूर्वी पात्र काढून घ्यावे. पावसाळ्यात कोकणात व गोव्यात हवेत मुळातच ओलावा असतो, तेथे ओलाव्याचे प्रमाण कमी ठेवावे लागते. हिवाळ्यात देशावरील थंड रात्री, किंवा छताचा पंखा नळीवर येत असल्यास, नळीत पाणी अधिक साठते. तेव्हा नळी पांघरुणाखालून घ्यावी, मात्र मुखवटा उघडा ठेवावा.

जमिनीवर अंथरूण घालून झोपणाऱ्यांसाठी वेगळा हिशेब करावा लागतो. १० सेंटिमीटर गादीवर कुशीस झोपलेल्याचे नाक सुमारे २३ सेंटिमीटरांवर असते. यंत्र ४ सेंटिमीटर उंचीच्या पाटावर ठेवल्यास ते १६ सेंटिमीटरांपर्यंत येते; पाणीही परतते आणि यंत्र फरशीपासूनही सुटते. पाटाऐवजी उंच चौरंग घेतल्यास हा लाभ नाहीसा होतो. मच्छरदाणी लावणाऱ्यांनी यंत्र बाहेर ठेवून नळी उशाकडील कोपऱ्यातून आत घ्यावी. मच्छरदाणीची कड गादीखाली खोचताना नळी दबू नये आणि जाळीचा घोळ हवेच्या तोंडावर पडू नये, एवढे पाहिले म्हणजे पुरे.

सूचनेचा एक नमुना

वरील विवेचनावरून घरगुती उपयोगाची सूचना पुढीलप्रमाणे लिहिता येईल.

(१) यंत्र उशाशी ठेवावे. पायथ्याशी ठेवू नये, कारण नळी पुरणार नाही.
(२) यंत्र ठेवण्याचे मेज गादीहून उंच नसावे, कारण उंचावरील यंत्रातले पाणी चेहऱ्याकडे येते.
(३) यंत्र फरशीवर ठेवू नये, कारण तेथे धूळ व ओल असते.
(४) झोपणारा ज्या हाताकडून उठतो त्याच्या दुसऱ्या हाताला यंत्र ठेवावे, कारण उठण्याची वाट मोकळी हवी.
(५) यंत्र आणि भिंत किंवा पडदा ह्यांत वीतभर अंतर सोडावे, कारण यंत्र तेथून हवा ओढते.
(६) यंत्राजवळ धूर करू नये आणि त्याच मेजावर पाण्याचे भांडे ठेवू नये.
(७) वीज गेली व यंत्र थांबले तर मुखवटा काढावा.

ह्या नमुन्यात दोन गोष्टी हेतुपूर्वक केल्या आहेत. 'शेजारी', 'खाली', 'उजवी बाजू' हे संदिग्ध शब्द टाळून प्रत्येक ठिकाणी आधारपद दिले आहे : उसे, गादी, फरशी, झोपणाऱ्याचा हात. दुसरे असे, की स्थान सांगणाऱ्या प्रत्येक वाक्यास 'कारण' जोडले आहे. कारण माहीत असलेला माणूस सूचनेत न आलेला प्रसंगही निभावून नेतो. पलंग बदलला, पाहुणे आल्यामुळे अंथरूण जमिनीवर घालावे लागले किंवा प्रवासात धर्मशाळेतील खाट मिळाली, तरी पाणी उताराकडे वाहते एवढे ज्यास कळले आहे तो यंत्राची जागा स्वतः ठरवू शकतो.

घरी वापरावयाच्या वैद्यकीय उपकरणांची संख्या वाढत आहे आणि त्यांच्या सूचना बहुधा इंग्रजीवरून मराठीत आणल्या जातात. अशा भाषांतरांत पारिभाषिक नामांकडे पुष्कळ लक्ष दिले जाते. 'खाली', 'वर', 'शेजारी' ह्यांसारखे लहान शब्द सोपे म्हणून तपासले जात नाहीत. प्रत्यक्षात घोटाळा होतो तो ह्या लहान शब्दांतच. मराठीच्या शब्दयोगी अव्ययांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांस ह्या सूचनापत्रांत उपयुक्त सामग्री मिळेल, आणि त्या अभ्यासाचा उपयोग रात्री श्वासासाठी यंत्रावर विसंबणाऱ्या माणसासही होईल.